फुटके कोसे

कलेला अव्वल प्रतीचंच साहित्य लागतं.

हे वाक्य माझं नाही. चांद्याहून आलेल्या शिक्षणखात्याच्या एका मोठ्या साहेबांनी ते आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत, टेबलावर मूठ ठेवून, प्रत्येक शब्दानंतर जरा थांबत उच्चारलं होतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण पहिल्या रांगेत बसून टाळी न वाजवणं अवघड असतं. तोवर आमच्या घरात जी काही कला होत होती ती कापडाच्या ठाणातल्या पुठ्ठ्यांवर, विटक्या लुगड्यांच्या तुकड्यांवर आणि फुटक्या कोशांवर होत होती, आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

ती कला माझ्या नणंदेची. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा त्या माहेरी परत आल्या. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा त्या तिशी ओलांडून गेल्या होत्या. माझे यजमान मुलांच्या शाळेत मास्तर. गाव वैनगंगेच्या काठी, तहसिलीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. मी नागपूरहून एक पेटी भरून पुस्तकं आणली होती. पहिल्या वर्षी त्यातली निम्मी वाळवीने वाचली. उरलेली बाईंनी चाळली, आणि त्यांच्या मनात भरलं ते कुठलं प्रकरण नव्हे, तर एका पुस्तकाची कापडी बांधणी.

"वयनी, हे कापड पुठ्ठ्याले असं बिलगलं कसं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उकलून पाहिलं. ते पुस्तक पुन्हा कधी नीट मिटलं नाही, पण बाईंना उत्तर मिळालं.

कार्डं सुरू झाली ती तिथून. कापडाच्या दुकानातून ठाणातले रिकामे पुठ्ठे यायचे. बाई ते पोस्टकार्डाच्या मापाने कापत, त्यावर तांदळाच्या पिठाची खळ लावत. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत. वर जुन्या लुगड्याचा पातळ झालेला पदर ताणून बसवायचा, पाटा ठेवून रात्रभर दाबायचा. सकाळी त्यावर काम सुरू. गोणपाटाचं शेत, मासे धरायच्या जाळ्याच्या दोऱ्याची नदी, दाबून वाळवलेल्या पानांचं रान, मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेल्या मण्यांची पाखरं. संक्रांतीला तिळगुळाबरोबर अशी वीस-पंचवीस कार्डं नातेवाइकांना जायची. नागपूरच्या माझ्या आत्याने कळवलं की कार्ड सुंदर आहे पण त्याला मांजर सतत चाटतं. पुढच्या वर्षी मोरचूद वाढवला.

कार्डांवरची फुलं मात्र कोशांची असत. कोसा म्हणजे रानातल्या रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती विणलेलं घर. कोंबडीच्या लहान अंड्याएवढं, मातकट पिवळं, येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाला देठाने लोंबणारं. अख्खा कोसा उकळला तर त्याचा लांब धागा निघतो. पण आतलं पाखरू भोक पाडून उडून गेलं की धागा तुटतो, आणि तो कोसा फुटका ठरतो. असे फुटके कोसे बाई राखेच्या पाण्यात उकडत. मऊ झाले की कात्रीने त्यांच्या पाकळ्या कापत. एका कोशात एक चाफा व्हायचा. दोन जोडले तर कमळ.

कोसे आणून द्यायची एक म्हातारी. तिचे मुलगे रानात कोशाचं पीक घेत, आणि ती मंगळवारच्या बाजारात बसे. आम्ही तिला मावशी म्हणायचो. फुटके कोसे ती पदरात बांधून थेट आमच्या ओसरीवर यायची आणि बदल्यात एक कार्ड घेऊन जायची. मी एकदा तिच्या कार्डावर सुवाच्य अक्षरात शुभेच्छा लिहिल्या, तर तिने ते उलटंपालटं करून परत दिलं.

"बिना अक्षराचं द्या, मास्तरीनबाई. अक्षरानं जागा खराब होते."

मी बऱ्याच मासिकांतून बरीच परीक्षणं वाचली आहेत. इतकं नेमकं क्वचित वाचलं.

हळूहळू गावातले लोक कार्ड मागायला येऊ लागले. मोहफुलं वेचताना अस्वलाने धरलेला एक माणूस महिन्याभराने दवाखान्यातून घरी आला, तेव्हा त्याच्या भावाला कार्ड हवं होतं. अशा प्रसंगाचा छापील मजकूर कुठे मिळत नाही. बाईंनी काळ्या लोकरीचं अस्वल केलं, पाठमोरं, झाडीत शिरणारं. खाली काय लिहायचं यावर आम्ही दुपारभर घासाघीस केली आणि शेवटी मी लिहिलं, "गेलं ते." तो माणूस ते कार्ड कित्येक वर्षं पागोट्यात बाळगून होता.

पुढे कार्डं बाईंना पुरेनाशी झाली. त्या गोधडीएवढ्या कापडावर तेच सगळं मांडू लागल्या. लुगड्यावर गोणपाट, गोणपाटावर जाळं, जाळ्यात पिसं, भाताचा कोंडा, मणी, कोसे. या प्रकाराला काय म्हणायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई त्याला चिंध्या म्हणत.

त्या वर्षी मुलींच्या शाळेला नवी इमारत मिळाली आणि शिवणाचा वर्ग सुरू होणार असं ठरलं. त्यासाठी एक शिक्षिका हवी होती. ही बातमी यजमानांनी जेवताना सांगितली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो असताना, सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "मले ते काम पायजे."

मी म्हटलं, "घरी काय कमी आहे, बाई?"

"कमी काई नाई. इतके वर्सं झाले, भावाच्या घरी जेवून राह्यली. तो बोलत नाई. तूही बोलत नाई. कोनी बोलत नाई, हेच मले ऐकू येते."

त्या जेवताना कधी दुसऱ्यांदा भात घेत नसत. भूकच कमी आहे म्हणायच्या, आणि मी ते तोवर खरं मानत होते.

अडचण अशी की बाईंचं शिक्षण चौथीपर्यंत आणि शिवणाचं सर्टिफिकेट म्हणून कागदाचा कपटा नव्हता. शाळेच्या कमिटीचा सगळा कारभार बडेबाबू पाहत. ते कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. पगार थांबला होता, पण रुबाब थांबलेला नव्हता. यजमान त्यांच्याकडे गेले, आणि संध्याकाळी बडेबाबू स्वतःच आमच्या ओसरीवर आले.

"सर्टिफिकेट नाई, तं साहेबांची मर्जी पायजे," ते म्हणाले. "साहेब इमारतीच्या उद्घाटनाले येऊन राह्यले. त्यांच्या खुर्चीमागं भिंतीवर तुमचं असं काई लागलं पायजे, का साहेबानं आपसूक विचारलं पायजे: हे कोनी केलं? बस. मंग मी हाये."

बाईंनी महिनाभर दुसरं काही केलं नाही. मी स्वयंपाक केला, यजमानांनी तक्रार न करता खाल्ला. एरवी या दोन्ही गोष्टी घडत नसत. चित्र पाच हात लांब झालं. मध्यभागी येनाचं झाड, तपकिरी गोणपाटाच्या बुंध्याचं, पानं हिरव्या आणि पिवळ्या चिंध्यांची. खाली नदी, पलीकडे डोंगर. झाडाच्या फांद्यांना खरे कोसे लोंबणार होते, दोऱ्यात ओवलेले, साठ-पासष्ट. मावशीने फुटके कोसे आणून दिले, बाईंनी ते उकडून साफ केले.

ते चित्रावर शिवायच्या आदल्या दिवशी बडेबाबू पाहणीला आले. मागे हात बांधून त्यांनी चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग टोपलीतला एक कोसा उचलला. भोकात करंगळी गेली.

"हे फुटके हायेत."

"फुटकेच लागतेत, भाऊ," बाई म्हणाल्या. "रिकामे असतेत ना."

"साहेबांसमोर फुटकी चीज? अवो बाई, इज्जतीचा सवाल हाये! आपल्या जिल्ह्यात काय अख्खे कोसे नाई? मी आणतो. अव्वल आणतो."

आणि त्यांनी आणले. बाजारात जाऊन मावशीपुढे उभे राहिले आणि तिच्याजवळचे सगळ्यात चांगले कोसे मागितले. कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा "सरकारी काम" म्हणाले. हे दोन शब्द ऐकल्यावर आमच्याकडे कोणी तिसरा विचारत नसे.

कोसे खरोखर देखणे होते. मोठे, घट्ट, एकसारखे, आणि आधीच देठांना धरून माळांत बांधलेले. बाईंनी एक हातात घेतला आणि जोखला.

"भाऊ, हे उकडलेले हायेत का?"

"सगळं रीतसर झालं हाये," बडेबाबू म्हणाले. रीतसर म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि नोकरी ज्याच्या हातात आहे त्याला तोच प्रश्न दोनदा विचारता येत नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुईत दोरा ओवून दिला.

माळा शिवताना एक कोसा माझ्या तळहातावर होता. जड लागला. हलवला तर आत काहीतरी एकदा आपटलं. मग मी न हलवता दुसऱ्यांदा आपटलं. मी तो निमूटपणे फांदीला शिवला. उद्घाटन तीन दिवसांवर होतं आणि खळ वाळत होती. या प्रकरणात बडेबाबूंना हसायचा हक्क मला नाही, हे इथेच लिहून ठेवते.

साहेब दुपारी चारला येणार होते. नदीला पाणी होतं, त्यांची जीप पलीकडे राहिली आणि नावाडी जेवायला गेलेला होता. साहेब आले तेव्हा दिवस मावळत होता. मुलींनी स्वागतगीत तोवर तीनदा म्हणून पाहिलं होतं, त्यामुळे चौथ्यांदा फारच सुरेख झालं. पेट्रोमॅक्स पेटवले. साहेब चित्राखालच्या खुर्चीवर बसले. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी मखमली टोपी. बाई बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या मागे मावशी. सरकारने आपल्या कोशांचं काय केलं ते बघायला आली होती. भिंतीकडे पाहून तिने कपाळाला हात लावला, पण तेवढ्यात बडेबाबूंनी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं आणि ती शांत राहिली.

बडेबाबू बोलले. कमिटीचे अध्यक्ष बोलले. मग साहेब उठले आणि बसल्या जागी कोणाच्या पायाला मुंग्या आल्या तरी हलू नये अशा आवाजात संस्कृती, स्त्रीशिक्षण आणि हस्तकला यांवर बोलू लागले. मी मघाशी सांगितलं ते वाक्य त्यांनी उच्चारलं तेव्हा माझं लक्ष त्यांच्या डोक्यावरच्या माळेकडे होतं. एका कोशाचं टोक ओलं झालं होतं. पाण्याचा डाग पसरावा तसा तो डाग पसरत गेला, आणि मधून तपकिरी केसाळ असं काहीतरी बाहेर आलं. मग दुसऱ्या कोशातून. मग खालच्या फांदीवर, डोंगराजवळ.

साहेब भाषण संपवून खुर्चीवर बसले. तेव्हाच वरच्या फांदीवरून एक ओलं, चुरगळलेल्या फडक्यासारखं पाखरू सुटलं आणि नेमकं त्यांच्या टोपीवर पडलं. मखमल त्याला आवडली असावी. त्याने सहाही पाय रोवले.

पहिल्यांदा मुली ओरडल्या, मग कमिटी. चपराशाने झाडू घेतला आणि भिंतीवर हाणायला सुरुवात केली. त्याने चार-पाच पाखरं मारलीही. त्या गोंधळातून मावशी बायकांच्या अंगावरून पुढे आली, तिने चपराशाचा हात मनगटात धरला, आणि साऱ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाली, "अबे, बियाणं हाये माह्यं! बियाणं मारून राह्यला तू!"

तेव्हा कुठे आम्हाला उलगडा झाला. पीक उतरलं की कोसेवाले सगळ्यात चांगले कोसे निवडून बाजूला काढतात. ते उकळत नाहीत. त्यांच्या माळा करून सावलीला टांगतात, त्यांतून पाखरं निघतात, अंडी घालतात, आणि त्या अंड्यांवर पुढचं पीक उभं राहतं. अव्वल मागितले म्हणून मावशीने अव्वल दिले. सरकार आता कोशाचं पीक घेणार, असं तिला वाटलं होतं. सरकारला कमी पडू नयेत म्हणून तिने स्वतःसाठी काही मागे ठेवलं नव्हतं.

साहेबांनी हात टोपीकडे नेला.

"हलू नोका, साहेब!" मावशी ओरडली. "पंख अजून ओले हायेत. हलले तं वाकडे होतेत."

साहेबांचा हात हवेत थांबला. चांदा जिल्ह्यात त्यांना कोणी इतक्या मोठ्याने काही सांगितलं नसावं. ते थांबले आणि मग, आश्चर्य म्हणजे, तसेच बसून राहिले. लोकही शांत झाले, कारण साहेबच शांत होते. बाई पुढे झाल्या. मावशीने दाखवलं तसं त्या भिंतीवरची पाखरं पंखांच्या मुळाशी दोन बोटांनी धरून टोपलीत ठेवू लागल्या. टोपली मी धरली होती.

"चावतं का?" साहेबांनी अगदी हळू, ओठ न हलवता विचारलं.

"तोंडच नाई जी तिले," मावशी म्हणाली.

"मग खाते काय?"

"काई नाई खात. आठ-दहा दिवस जगते, अंडे घालते, मरते."

त्या संध्याकाळी झालेल्या सगळ्या बोलण्यात मला नवं कळलं ते एवढंच.

टोपीवरच्या पाखराचे पंख हळूहळू उलगडले. वीतभर रुंद, पिवळे, प्रत्येक पंखावर काचेसारखा एक डोळा. पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्या डोळ्यांतून पलीकडचं दिसत होतं. कोणीतरी "माय वो!" म्हणालं. साहेबांना ते दिसत नव्हतं. ते आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"हे कोणी केलं?"

ज्या प्रश्नासाठी आम्ही महिनाभर खपलो होतो तो शब्दशः आला. बडेबाबू चटकन पुढे झाले.

"या बाईंनी, साहेब. सगळं यांनीच."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही हातांत पाखरं होती. तेवढ्यात चपराशी सांगत आला की नावाडी आणखी थांबायला तयार नाही. साहेबांनी दोन्ही हातांनी टोपी अलगद उचलली, पाखरासकट टेबलावर ठेवली, आणि उघड्या डोक्याने नदीकडे निघून गेले. त्यांना टक्कल होतं, हे तोवर जिल्ह्यात कोणाला माहीत नव्हतं.

चित्र तसंच आमच्या ओसरीत आणून टांगलं, टोपीही पाखरासकट आणली. पुढचे चार दिवस त्यातून पाखरं निघत राहिली, आणि मावशी तिथेच मुक्काम करून जोड्या लावत राहिली. बियाणं निम्मंच हाती लागलं होतं; सभेच्या गोंधळात बरीच पाखरं पायाखाली गेली होती, काही अंधारात उडाली होती. टोपीवरची मादी टोपीवरच बसून राहिली. सकाळी तिच्याजवळ नर येऊन बसलेला होता. मावशीने बाकीच्या माद्या मडक्यांत ठेवल्या. हिला मात्र बाईंनी हलवू दिलं नाही. आणि हिने मखमलीवर ओळीने अंडी घातली, डिंकाने चिकटवल्यासारखी. बाईंनी मोजली. दोनशेच्या घरात होती.

त्याच दिवशी बडेबाबू आले. चित्राकडे पाहायचं टाळून त्यांनी टोपी मागितली.

"धुऊन, ब्रश मारून आज धाडली पायजे. सोबत माफीची चिठ्ठी. साहेबांनी अजून नाई म्हटलं नाई, समजलं का? अजून वेळ हाये."

"धुतली तं अंडे जातेत," बाई म्हणाल्या.

"जाऊ द्या ना!"

"दहा-बारा दिवसांत फुटतेत. तवर थांबा."

"साहेबाले सांगू का, का तुमच्या टोपीवर अंडे उबवून राह्यले म्हणून?"

मी मध्ये पडले. मी म्हटलं, मावशीजवळ बाकीची अंडी आहेत, टोपी देऊन टाकू या. मला ती नोकरी बाईंसाठी हवी होती. काही अंशी माझ्यासाठीही, कारण तांदूळ निवडतानाचं ते बोलणं मला तेव्हापासून रोज ऐकू येत होतं. मावशी कोपऱ्यात मडक्याच्या तोंडाला फडकं बांधत होती. ती म्हणाली, "देऊन टाक, बाई. माह्यं पीक थोडं कमी होईन, तुह्यं तं सगळंच जाईन."

बाईंनी टोपी उचलून फडताळात, वरच्या फळीवर ठेवली.

"साहेबाजवळ दुसरी टोपी असन," त्या म्हणाल्या. "मावशीजवळ दुसरं बियाणं नाई. आन् ते आपल्या चिंध्यांपायी गेलं."

"नोकरी सोडून राह्यल्या तुमी, बाई," बडेबाबू जिना उतरता उतरता म्हणाले. आमच्या ओसरीला तीनच पायऱ्या होत्या, पण ते त्या जिन्यासारख्या उतरत.

साहेबांना कळवणं तर भाग होतं. बाईंनी कार्ड करायला घेतलं. माझ्या जुन्या चोळीच्या मखमली काठाची टोपी कापली, तिच्यावर पिवळ्या टसरीच्या चिंधीचं पाखरू बसवलं, पंखांवरच्या डोळ्यांसाठी कांद्याची पारदर्शक साल लावली, आणि अंडी म्हणून राळ्याचे दाणे चिकटवले. कडेला एक चाफा, फुटक्या कोशाचा. मजकूर माझ्याकडे होता. मी तीन मसुदे केले. पहिल्यात "आदरणीय महोदय" होतं आणि ग्रामीण अर्थव्यवस्था होती. बाईंनी तिन्ही ऐकून घेतले.

"लई लांब. उभ्यानं वाचून झालं पायजे."

शेवटी लिहिलं ते असं: "टोपी सुखरूप आहे. तिच्यावर अंडी आहेत. फुटली की पाठवतो. चित्र मी केलं. पाखरं मारली गेली त्याचं वाईट वाटतं." खाली बाईंनी स्वतः सही केली. अक्षर चौथीचंच होतं.

मावशी अंड्यांची मडकी आणि टोपी घेऊन मुलग्यांबरोबर रानात गेली. आम्ही कार्ड टपालात टाकलं, पण उत्तर आलं नाही. दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. शिवणाचा वर्ग बंदच होता आणि नवीन इमारतीत कमिटीच्या सभा होत. बाईंनी त्या संक्रांतीची कार्डं लवकर करायला घेतली. त्या जेवताना एकदाच भात घेत, आणि आता मला ते दिसत असे.

मार्गशीर्षात एक खाकी पाकीट आलं. बाईंना तात्पुरती शिवण शिक्षिका नेमलं होतं. सर्टिफिकेट सवडीने मिळवावं, असं म्हटलं होतं. टोपीचा, पाखरांचा, कार्डाचा कुठेही उल्लेख नव्हता. बडेबाबू पेढे घेऊन आले आणि हे आपण सुरुवातीपासून कसं घडवून आणलं ते त्यांनी सांगितलं. आम्ही पेढे घेतले. बाई शाळेत जाऊ लागल्या. पहिल्या आठवड्यात एके दुपारी पानावर बसल्या असताना त्या म्हणाल्या, "वयनी, भात वाढ अजून." मी वाढला. त्यांनी तोही संपवला.

चित्र शाळेत पुन्हा त्याच भिंतीवर लागलं. एकही कोसा बदलावा लागला नाही. पाखरं निघून गेल्यावर ते सगळे फुटकेच झाले होते, म्हणजे बाईंना आधी हवे होते तसे.

पुढच्या वर्षी साहेब तपासणीला आले. डोक्यावर नवी टोपी होती. त्यांनी मुलींचं काम पाहिलं, बाईंना दोन प्रश्न विचारले, मग चित्रासमोर दोन हातांचं अंतर ठेवून उभे राहिले.

"हे कोसे?"

"फुटके, जी," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली, चित्राखालची खुर्ची स्वतः उचलून समोरच्या भिंतीशी नेली, तिच्यावर बसले आणि शेरेबुकात लिहिलं: "शिवणवर्ग पाहिला. साहित्य फुटके आहे. समाधानकारक."

जुनी टोपी त्यांनी मागितली नाही. ती मावशीच्या घरी खुंटीला असे. ती तिच्यात लसूण ठेवायची.